जुन्या निगेटिव्हसाठी फ्लॅटबेड स्कॅनर : एप्सन व्ही६०० नऊ महिने वापरल्यानंतर

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आमच्या माहेरच्या घरात शिरलं, तेव्हा खालच्या कपाटातले अकरा अल्बम पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर उघडले तर फोटो एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झालेल्या. ओढून एखादा सुटा करावा तर याचा चेहरा त्याच्या पाठीवर. माळ्यावरची अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्र्याची ट्रंक मात्र कोरडी राहिली. तिच्यात निगेटिव्ह होत्या. ज्या फोटोंचा लगदा झाला त्यांतल्या बऱ्याच फोटोंचं मूळ त्या ट्रंकेत होतं, हे कळल्यावर आईला पहिल्यांदा जरा हायसं वाटलं.

ट्रंक पुण्याला माझ्याकडे आली आणि मी स्कॅनर शोधायला लागले. डीपीआयचे, म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिपके मोजतो त्याचे, आकडे भरपूर सापडले. ‘आधी तुमच्याकडे काय आहे ते मोजा’ असं मात्र कुणी सांगितलं नाही, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे.

एका रविवारी जमिनीवर जुनी चादर अंथरून सगळं मोजलं. पुरातून वाचलेले आणि नातेवाइकांकडून गोळा केलेले छापील फोटो सहाशेच्या आसपास. ३५ मिलिमीटरच्या रंगीत निगेटिव्हचे चोवीस रोल. १२०च्या, म्हणजे सुमारे सहा सेंटीमीटर रुंद जुन्या रोलवरच्या कृष्णधवल निगेटिव्ह १४०, त्यांतल्या बऱ्याच सुट्या कापलेल्या. स्लाइड फक्त अठरा. शिवाय आजी-आजोबांचा फ्रेममधला एक फोटो, जो भिजून वाळताना फ्रेमच्या काचेलाच चिकटून बसला होता.

या मोजणीनेच निवड करून दिली. फक्त छापील फोटो असते तर पातळ, हलका, यूएसबीवर चालणारा स्कॅनर पुरला असता. कॅननचे लाइड ३०० आणि ४००, एप्सनचा व्ही३९ हे त्या जातीचे. त्यांत सीआयएस सेन्सर असतो, म्हणजे पानाच्या रुंदीएवढी पट्टी काचेला अगदी लागून सरकते. काचेवर सपाट टेकलेला कागद त्यात छान येतो. पण फिल्मच्या मागून प्रकाश टाकायची सोय त्यांत नाही. दुसरं म्हणजे काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर असलेली वस्तू धूसर होते. हे मी दादाच्या ऑफिसातल्या एका पातळ स्कॅनरवर करून पाहिलं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा वर आलेला स्टुडिओतला फोटो मध्ये खणखणीत आला आणि कडेला पुसट. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर पूर्ण धुकट.

सीसीडी स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे काचेच्या थोडं वरचंही स्पष्ट दिसतं. यंत्र जाड आणि जड होतं, पण आमच्यासारख्यांना तेच हवं. मी घेतलेला व्ही६०० याच जातीचा. आजी-आजोबांचा तो फोटो मी काचेसकट त्यावर पालथा ठेवला आणि ६०० डीपीआयवर घेतला. आजीच्या नऊवारीच्या काठावरची वेलबुट्टी दिसते. भिजून काचेला चिकटलेला फोटो सोडवायला कृपा करून जाऊ नका. आधी काचेसकट स्कॅन करा, मग जाणकाराला दाखवा.

आता फिल्मचं. नुसत्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्ह असतील तर प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म ८१००सारखा खास फिल्म स्कॅनर फ्लॅटबेडपेक्षा, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरपेक्षा, जास्त तपशील काढतो. पण त्यात १२०ची फिल्म जात नाही, आणि आमचा सगळ्यात जुना ठेवा नेमका १२०वर. १२०ची फिल्म घेणारा कॅननचा ९०००एफ मार्क टू आता नव्याने बनत नाही. एप्सनचा व्ही८५० सर्वार्थाने वरचा : दोन भिंगं, गडद भागातला तपशील टिपण्याची क्षमता म्हणजे डीमॅक्स ४.०, आणि फिल्म धरणाऱ्या होल्डरची उंची कमी-जास्त करता येते. व्ही६००चा डीमॅक्स ३.४. हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो स्लाइडमध्ये, कारण स्लाइडच्या सावल्या फार दाट असतात. अठरा स्लाइडसाठी दुपटीहून जास्त पैसे घालणं मला पटलं नाही. तुमच्याकडे स्लाइडचे डबेच्या डबे असतील तर माझा सल्ला उलटा असेल.

मी जुना, वापरलेला व्ही६०० घेतला. सेकंडहँड फ्लॅटबेड घेताना काचेची आतली बाजू टॉर्च तिरपा धरून बघा. कोणत्याही कंपनीच्या जुन्या यंत्रात तिथे दुधाळ थर बसलेला असू शकतो, आणि मग सगळ्या स्कॅनवर मळभ येतं. झाकणातला, फिल्मच्या मागून प्रकाश टाकणारा दिवा लावून रिकाम्या काचेचा एक स्कॅन समोर करून घ्या. माझ्या विक्रेत्याने तेवढा वेळ दिला.

घरी आणल्यावर पहिला आठवडा मी एकाच निगेटिव्हवर घालवला, आणि तो वाया गेला नाही. चिपळूण स्टँडवर उभ्या एसटीचा फोटो, कपाळावरच्या पाटीची अक्षरं बारीक. तोच फोटो १२००, १६००, २४००, ३२०० आणि ६४००वर घेतला. १२०० ते १६०० फरक स्पष्ट. २४००पर्यंत किंचित सुधारणा. त्यापुढे फाइल फुगत गेली, पाटीची अक्षरं होती तशीच. फ्लॅटबेडच्या खोक्यावरचा आकडा सेन्सर किती बारीक मोजतो ते सांगतो. भिंग तेवढा तपशील पोचवू शकतं की नाही, ते त्या आकड्यात नसतं. म्हणून मी २४०० ठरवून टाकलं. त्यात ३५ मिलिमीटरच्या फ्रेमचे सुमारे ३४०० गुणिले २२६७, म्हणजे ७७ लाख पिक्सेल मिळतात. आठ बाय दहा इंचाच्या आसपासच्या छपाईला ते पुरतात. १२०वरच्या सहा बाय नऊ सेंटीमीटरच्या फ्रेमचे मात्र चार कोटींच्या वर होतात! फिल्म जेवढी मोठी, तेवढा फ्लॅटबेड तिला न्याय देतो. अप्पांच्या साध्या कॅमेऱ्यातल्या १२०च्या निगेटिव्हमधून आज जे निघालं, ते नंतरच्या ऑटो फोकस कॅमेऱ्याच्या रंगीत रोलमधूनही निघालं नाही.

धूळ आणि बुरशी हा कोकणातल्या प्रत्येक घराचा प्रश्न. व्ही६००मध्ये डिजिटल आइस आहे. यंत्र एकदा इन्फ्रारेड प्रकाशात फिल्म बघतं. रंगीत फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ आणि ओरखडे मात्र अडवतात, म्हणून ते वेगळे ओळखून भरून काढता येतात. १९८३च्या मावशीच्या लग्नाच्या रोलवर बुरशीची जाळी होती, ती जवळजवळ नाहीशी झाली. त्याच लग्नाचे छापील फोटो लालसर पडलेत. निगेटिव्हमध्ये शालूचा हिरवा अजून हिरवा आहे. छापील फोटो हाताशी असला तरी निगेटिव्ह टाकू नका, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

कृष्णधवलवर मात्र आइस बंदच ठेवायचं. त्या फिल्ममधली प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. यंत्राला मग चित्रच धूळ वाटतं. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या चाळीस निगेटिव्ह मी आइस चालू ठेवून घेतल्या आणि चेहरे मेणासारखे का दिसतात म्हणून भिंगाला दोष देत बसले. त्या चाळीसही परत केल्या. कोडॅकच्या जुन्या कोडॅक्रोम स्लाइडवरही आइसचा भरवसा नाही. कृष्णधवलची धूळ आधी हातानेच काढावी लागते : रबरी फुग्याचा ब्लोअर, मऊ ब्रश, सुती हातमोजे. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुऊ नका. बुरशीने फिल्मवरचा जिलेटिनचा थर कमकुवत झालेला असतो, पाण्यात तो सुटून येतो.

वेळेची कल्पना आधी करून ठेवा. होल्डरमध्ये सहा-सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या बसतात, पण आमच्या लॅबने चार-चारच्या कापलेल्या, म्हणून एका खेपेला बारा नव्हे, आठच. आइस लावून आठ फ्रेमना मला अर्धा तास लागतो. मी संध्याकाळी कुकर लावताना एक खेप सुरू करते, जेवणं झाल्यावर दुसरी. चोवीस रोल असेच चार महिन्यांत झाले. घाई असेल, डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स घरात असेल, तर खाली लाइटपॅड ठेवून फोटो काढणं याहून कितीतरी पटकन होतं आणि ३५ मिलिमीटरला तपशीलही जास्त येतो. त्या पद्धतीत इन्फ्रारेड मात्र नाही, आणि बुरशीचे रोल पाहता मला ते सोडवेना.

होल्डरची उंची व्ही६००मध्ये ठरलेली आहे आणि यंत्राला ऑटो फोकस नाही. त्यामुळे फिल्म सपाट असणं सगळ्यात महत्त्वाचं. वाकडी फिल्म मध्येच काचेला टेकली की इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटतात. मी पट्ट्या आधी आठवडाभर जाड शब्दकोशाखाली दाबून ठेवते. सुट्या १२०च्या निगेटिव्हसाठी फोटो फ्रेमवाल्याकडून नॉन-रिफ्लेक्टिव्ह काचेचा तुकडा कापून आणला, तो वर ठेवला की फिल्म हलत नाही. फिल्मची चकचकीत बाजू खाली ठेवायची. होल्डरच्या टोकाला जी मोकळी खिडकी आहे, तिथून यंत्र प्रकाश मोजतं. एकदा तिथे कागदाचा कपटा राहिला आणि सगळ्या फ्रेमवर उभ्या रेघा आल्या. झाकणातली प्रकाशपट्टी सुमारे सात सेंटीमीटरच रुंद आहे. कुणाकडे स्टुडिओतल्या चार बाय पाच इंचाच्या निगेटिव्ह असतील तर त्यांनी हे यंत्र घेऊ नये.

सॉफ्टवेअरमध्ये मी आपोआप फ्रेम कापणारा थंबनेल पर्याय बंद केला, कारण तो कडेची माणसं कापतो. शार्पनिंग बंद. रंगीत निगेटिव्ह ४८ बिट, कृष्णधवल १६ बिट ग्रे (बिट जास्त तितक्या छटांच्या पायऱ्या जास्त), दोन्ही टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये. सहा बाय नऊची एक फाइल ८४ एमबीच्या आसपास होते, त्यामुळे दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक माझ्याकडे, एक दादाकडे चिपळुणात, वरच्या मजल्यावर.

छापील फोटोंना ६०० पुरे, अगदी चिमुकल्या, निगेटिव्हएवढ्याच कॉन्टॅक्ट प्रिंटना १२००. ऐंशीच्या दशकातले खरबरीत, रेशमासारख्या पोताचे फोटो फ्लॅटबेडवर दाणेदार येतात. एकदा सरळ, एकदा उलटा फिरवून असे दोन स्कॅन घेऊन एकावर एक बसवले की पोत बराच दबतो. प्रत्येक फोटोची पाठ मी वेगळी स्कॅन करते. आत्याच्या फोटोमागे ‘सौ. वहिनीस, आठवण असावी’ एवढंच आहे. तेही फोटोइतकंच ठेवायचं.

अप्पा कोयना प्रकल्पावर ओव्हरसियर होते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आई-अप्पा कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये होते, दादा आठ महिन्यांचा. नंतर अप्पांनी एका सहकाऱ्याचा बॉक्स कॅमेरा मागून एक रोल काढला, आठ फ्रेम. त्यांचे फोटो पुरात गेले. निगेटिव्ह अगदी पातळ आहेत, ट्यूबलाइटसमोर धरल्या तर जवळजवळ कोऱ्या दिसतात. १६ बिटमध्ये घेऊन हळूहळू उजळल्यावर पडलेली भिंत, तिच्यासमोर ताडपत्रीचा आडोसा आणि चूल दिसू लागली. ते आईला पडद्यावर मोठं करून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग आडोशाच्या शेजारी कोण कोण राहत होतं ते एकेक करून सांगत गेली. नऊ नावं मी फाइलच्या माहितीत तिथल्या तिथे घातली. भूकंपानंतर किती दिवस बाहेर झोपलो, हेही तिने त्याच दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

ज्या पाकिटात तो रोल होता, त्यावर अप्पांनी पेन्सिलीने ‘कोयना, ११-१२-६७ नंतर’ असं लिहिलं होतं. अल्बमवरची शाईची अक्षरं पुरात वाहून गेली. एका अल्बमच्या पानावर पेन्सिलीची नोंद होती, ती भिजूनही वाचता येते. आता सगळ्या निगेटिव्ह मी पॉलिप्रोपिलिनच्या नव्या पाकिटांत घालते आहे (पीव्हीसीची घेऊ नका, ती कालांतराने फिल्मला चिकटतात), बाहेर कागदी लिफाफा, आणि त्यावर फाइलचा क्रमांक मऊ पेन्सिलीने. चौऱ्याण्णव लिफाफे झालेत. अठरा स्लाइड तेवढ्या राहिल्यात, त्या पावसाळा उलटला की घेईन.