आरओ, यूव्ही की विजेविना फिल्टर: गावच्या घरासाठी मशीन घेताना आवाजाचाही विचार करा

गणपतीला गावी जाताना आई-बाबांसाठी पाण्याचं मशीन न्यायचं, असं बरेच चाकरमानी ठरवतात. किंमत आणि लिटर बघितले जातात, पण मशीन आवाज किती करतं आणि त्या आवाजाचा अर्थ काय, हे दुकानात कोणी विचारत नाही. घरात दोन म्हातारी माणसं आणि मेकॅनिक तालुक्याच्या गावी असेल, तर मला हा मुद्दा किमतीइतकाच मोठा वाटतो.

आधी पाणी. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा गोडं असतं, क्षार कमी. खाडीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी मात्र एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा तो मे महिन्यात. गणपतीत विहीर तुडुंब असते आणि आकडा फसवा येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. मे महिन्यातही आकडा त्याच्या बराच खाली असेल, तर केवळ क्षारांसाठी आरओ, म्हणजे पंपाच्या दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलून क्षार काढणारं मशीन, घेण्याचं कारण नाही.

आरओ हे तिघांतलं सर्वांत बोलकं मशीन. आत पंप असतो आणि टाकी भरेपर्यंत त्याची सलग घरघर चालते. सुरू-बंद होताना व्हॉल्व्हची एक 'टक', आणि वाया जाणाऱ्या पाण्याची नळीतून खळखळ. हे सगळं ठीक. घरगुती मशीन एका लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. विहीर आटायला लागते त्या दिवसांत ती खळखळ जिवाला लागते, तेव्हा ते पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरा.

काळजीचा आवाज म्हणजे टक-घूं, टक-घूं, दर दोन-चार सेकंदांनी. कौलारू घरात हा फार ऐकू येतो, कारण पाण्याची टाकी न्हाणीच्या छोट्या स्लॅबवर, मशीनपेक्षा जेमतेम दीड-दोन मीटर वर. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे इथे 0.2 किलोच्या आतच. मशीनमधला लो प्रेशर स्विच पाणी कमी आहे समजून पंप बंद करतो, दाब जरा सावरला की पुन्हा चालू. टाकी उंच करणं हाच खरा उपाय. काही मेकॅनिक तो स्विचच काढून तारा जोडून देतात. तसं करू देऊ नका, पाणी नसताना पंप कोरडा फिरून जळतो. जुलैत गढूळ पाण्याने बाहेरचा फिल्टर चोंदला तरी हाच आवाज येतो. तेव्हा फिल्टर बदलला की भागतं. आणि रात्री कोणी पाणी घेतलेलं नसताना पंप सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा टाकी भरल्याचं मशीनला कळत नाहीये.

यूव्हीच्या, म्हणजे दिव्याच्या अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या, बहुतेक साध्या मशीनमध्ये पंप नसतो. जुन्या पद्धतीचा चोक असेल तर बारीक गुणगुण, नाहीतर शांतता. गोड्या पाण्याच्या विहिरीला माझी पसंती यालाच. पण ही शांतता फसवी आहे: दिवा गेला तरी पाणी तसंच वाहत राहतं आणि जंतू मरत नाहीत. दिवा निळा दिसत असला तरी साधारण वर्षभराने त्याचा जोर उतरतो. म्हणून दिवा बंद पडताच पाणी थांबवणारं किंवा बीप वाजवणारं मॉडेलच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात किरण नीट पोचत नाहीत, तेव्हा पुढे गाळ अडवणारा फिल्टर हवाच.

विजेविना चालणाऱ्या, अतिबारीक जाळीतून पाणी गाळणाऱ्या यूएफ फिल्टरला आवाज फक्त थेंबांचा. धार मंदावली की जाळी धुवायला झाली. वादळात दोन-दोन दिवस लाइट नसते तिथे हा आधाराला असावा, पण मचूळ पाणी याने गोडं होत नाही, आणि यूव्हीनेही नाही.

तेव्हा खाडीकाठी आरओ, वरच्या वाडीत यूव्ही, आणि पावसात लाइटचा भरवसा नसेल तर जोडीला यूएफ. आरओ लावायचाच तर प्लायच्या पार्टिशनवर नको, तिथे पंपाची घरघर दुप्पट वाटते. चिऱ्याच्या भिंतीवर, स्क्रूखाली रबरी वॉशर घालून बसवा, झोपायच्या खोलीची भिंत सोडून. बसवून झालं की आईला एकदा शेजारी उभं करून नेहमीचा आवाज ऐकवा आणि पाण्याचा कॉक व स्विच दाखवून ठेवा. वेगळा आवाज आला तर आधी दोन्ही बंद करायचे, मग फोन. मेकॅनिकला सांगताना 'मशीन बिघडलं' एवढंच न सांगता आवाज सलग येतो की तुटक, पाणी घेताना येतो की न घेता, तेही सांगायचं. त्यावरून तो योग्य सामान सोबत घेऊन निघतो.