मक्याचे उत्पादन वाढवायचे: कणसे वेचावीत की ओळी तपासाव्यात?

भरघोस कणसे वेचून त्यांचे बी एकत्र पेरायचे, ही समूह निवड. सोपी, स्वस्त. पण कणीस गुणाने मोठे झाले की जवळ खत जास्त पडले म्हणून, हे कळत नाही. मका-संशोधक गार्डनर यांनी १९६१ मध्ये मांडलेला तोडगा साधाच: शेताचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनातली सरस झाडे घ्या. तरीही परागकण कोणाचा, हे अज्ञातच.

कणीस-ओळ पद्धतीत प्रत्येक कणसाचे बी वेगळ्या ओळीत पेरतात; आईची परीक्षा लेकरे देतात! एकाच शेतातली ओळ मात्र फसवते. म्हणून १९६४ मध्ये मका-संशोधक लोनक्विस्ट यांनी त्याच ओळी अनेक ठिकाणी तपासण्याची सुधारित पद्धत मांडली. शिवाय मादी ओळींचे, म्हणजे ज्यांचे बी घ्यायचे त्यांचे, तुरे (परागकण देणारे नर फुलोरे) खुडायचे. कष्ट फार, पण दाण्याच्या उत्पादनासाठी मी हीच निवडेन.