नासाची जीसीएन सेवा: गॅमा-किरण स्फोटांची खबर घरबसल्या

दूरच्या विश्वात अचानक चमकून जाणाऱ्या अतिऊर्जावान गॅमा किरणांच्या लखलखाटांना गॅमा-किरण स्फोट म्हणतात; त्यांची खबर शास्त्रज्ञांपर्यंत पोचवणारं नासाचं जाळं म्हणजे जीसीएन. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून ही मोफत सेवा घेतली. नोंदणी सोपी आहे. स्विफ्ट किंवा फर्मी उपग्रहाने स्फोट टिपला की जगभरच्या वेधशाळांची निरीक्षणं ईमेलवर येऊ लागतात. आपल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहाचीही येतात, ती मी आधी उघडते.

खरी मजा जुनी परिपत्रकं (म्हणजे निरीक्षणांचे हेच ईमेल) ओळीने वाचण्यात आहे. १४ जानेवारी २०१९ च्या स्फोटाची तर जरूर वाचा. सूचना मिळताच जमिनीवरून गॅमा किरण टिपणाऱ्या मॅजिक दुर्बिणी मिनिटभरात तिकडे वळल्या आणि टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे (दृश्य प्रकाशाच्या सुमारे लाख कोटीपट) फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सापडले. ते असे तयार होतात: स्फोटातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने सुटलेला द्रव्याचा झोत भोवतालच्या वायूवर आदळतो. तिथले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत किरण सोडतात (यांना सिंक्रोट्रॉन किरण म्हणतात), आणि या किरणांच्याच फोटॉनना धडकून त्यांची ऊर्जा प्रचंड वाढवतात. हा झाला मागाहून दिसणारा उजेड. सुरुवातीच्या लखलखाटाबद्दल मात्र अजून वाद आहे: झोतातले थर एकमेकांवर आदळतात, की चुंबकीय ऊर्जा मोकळी होते, की झोताच्या तापलेल्या पृष्ठभागाचीच ती प्रभा? ॲस्ट्रोसॅटचं सीझेडटीआय उपकरण किरणांचं ध्रुवण, म्हणजे त्यांची कंपनं किती एकाच दिशेत आहेत ते, मोजतं ते यातलं खरं कारण ओळखण्यासाठीच.

भाषा संशोधकांची, आकृत्या नाहीत. बी.एस्सी.च्या मुलांना नुसतं सोपवू नका, शेजारी बसून वाचा. पूर्ण पाच तारे.