वॉरंटी संपल्यावर गाडी कोणाकडे न्यावी: अधिकृत वर्कशॉप, ओळखीचे गॅरेज आणि सुट्या भागांची निवड

गाडीची वॉरंटी संपली की पुढच्याच सर्व्हिसिंगला मालकासमोर प्रश्न उभा राहतो: आजवर जिथे गाडी नेली त्या अधिकृत वर्कशॉपमध्येच ती पुढेही न्यावी, की ओळखीच्या मेकॅनिकच्या हाती सोपवावी? माझ्याकडे गेली नऊ वर्षे एक छोटी पेट्रोल गाडी आहे. पुणे–कोल्हापूर हा तिचा नेहमीचा रस्ता आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून कोकण. पहिली चार वर्षे वर्कशॉप आणि नंतरची पाच वर्षे गॅरेज असा दोन्हीकडचा अनुभव घेतल्यावर माझे मत असे बनले आहे की, जागा एकदाच ठरवून मोकळे होण्याऐवजी प्रत्येक कामाचा वेगळा विचार करावा.

वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र अधिकृत वर्कशॉप सोडू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट असू नये, असेही बजावले होते. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. मुद्दा तत्त्वाचा असला तरी गिअरबॉक्ससारखा मोठा दावा करण्याची वेळ आली तर वेळच्या वेळी केलेल्या सर्व्हिसिंगची नोंद कंपनीच्याच संगणकात असलेली बरी, कारण मग वाद घालण्याची वेळच येत नाही.

वॉरंटी संपल्यावर हिशेब बदलतो. वर्कशॉपची खरी ताकद तीन गोष्टींत आहे: त्या त्या मॉडेलसाठीचा स्कॅनर, कंपनीने कळवलेल्या सुधारणांची माहिती आणि लेखी जॉब कार्ड. इंजिनचा दिवा लागला, एअरबॅगचा दिवा विझेना किंवा ऑटोमॅटिक गिअर झटके देऊ लागला, तर मी आजही गाडी तिथेच नेईन. बाजारातला साधा स्कॅनर इंजिनचा कोड वाचतो, परंतु एअरबॅग किंवा गिअरबॉक्सच्या नियंत्रकापर्यंत तो दर वेळी पोहोचतोच असे नाही, आणि नुसत्या अंदाजाने सेन्सर बदलत बसण्याइतका महागडा मार्ग दुसरा नाही.

वर्कशॉपची उणीव म्हणजे गाडी आणि मालक यांच्यामध्ये काउंटर असतो. आपण बोलतो सल्लागाराशी, गाडी उघडतो दुसराच कोणी, आणि आपले म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचते ते कार्डावरच्या चार शब्दांतून. "डावीकडून खडखड" एवढेच लिहिले गेले, तर ती खडखड फक्त गतिरोधकावरून उतरताना आणि तीही गाडी थंड असतानाच येते, हे खरे उपयोगाचे वर्णन वाटेतच गळते. एका वर्कशॉपमध्ये मला सलग तीन सर्व्हिसिंगला इंजेक्टर क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग सुचवण्यात आले. गाडीचे मॅन्युअल उघडून पाहिले तेव्हा त्यांपैकी एकही काम ठरलेल्या वेळापत्रकात नव्हते. म्हणून अंदाजपत्रक हाती आले की ते मॅन्युअलमधल्या वेळापत्रकाशेजारी ठेवून वाचावे, आणि जे काम वेळापत्रकात नाही व ज्याची तक्रारही नाही, ते नम्रपणे नाकारावे. ब्रेक फ्लुइड बदलायला सांगितले तर मात्र नाकारू नये, कारण ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो, आणि घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफ होऊन पॅडल पायाखाली मऊ पडते. कोकणात राहणाऱ्यांनी तर याची टाळाटाळ मुळीच करू नये.

गॅरेजमध्ये चित्र उलटे असते. माझ्या मेकॅनिककडे चकचकीत प्रतीक्षागृह नाही, परंतु पुढच्या चाकाची खडखड घेऊन गेलो तेव्हा त्याने आधी मला शेजारी बसवून गाडी चालवली, मग जॅकवर घेतली आणि लोअर आर्मखाली (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याखाली) पहार घालून हलवून दाखवले. त्या दांड्याच्या सांध्यातला काढलेला बुश, म्हणजे धक्के झेलणारी रबरी गादी, त्याने माझ्या हातावर ठेवला. रबर धातूच्या नळीपासून सुटले होते आणि नखाने दाबले की त्यातल्या चिरा उघडत होत्या. बाहेरून तोच बुश धडधाकट दिसत होता. लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकअब्जॉर्बर, क्लच, व्हील बेअरिंग, ब्रेक पॅड ही हाताच्या अनुभवाची कामे आहेत, आणि त्यांत जाणता मेकॅनिक मजुरीतही परवडतो व निदानातही सरस ठरतो. गॅरेज निवडताना मी दोन गोष्टी पाहतो: चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने, आवळले जातात का, आणि जुना भाग न मागता परत दिला जातो का.

आता सुट्या भागांविषयी, कारण पैसा वाचतो तो येथे आणि बुडतो तोही येथेच. मोटार कंपन्या आपल्या गाडीतले कित्येक भाग स्वतः बनवत नाहीत. गॅब्रिएलचे शॉकअब्जॉर्बर चाकण आणि नाशिकला तयार होतात, तर बॉशच्या नाशिक कारखान्याची ओळखच डिझेल इंजेक्टरसाठी आहे. असे उत्पादक मोटार कारखान्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावाने बाजारातही विकतात. त्यामुळे मालकापुढे तीन पर्याय असतात: मोटार कंपनीच्या खोक्यातला भाग, मूळ उत्पादकाच्या खोक्यातला भाग आणि ज्याला दुकानदार "लोकल" म्हणतो तो भाग. शॉकअब्जॉर्बर, क्लच सेट, स्पार्क प्लग, बॅटरी, बल्ब यांच्या बाबतीत नामांकित उत्पादकाचा खोका घ्यायला मी कचरत नाही. ऑइल सील, गॅस्केट, टायमिंगचे भाग, सेन्सर आणि कूलंटच्या नळ्या मात्र मोटार कंपनीच्याच घेतो. यांतल्या बहुतेक वस्तू स्वस्त असतात, परंतु त्या बिघडल्या तर होणारे नुकसान त्यांच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

लोकल भागाचा मोह एकदाच झाला. पुण्यातल्या एका दुकानातून निम्म्या किमतीत ब्रेक पॅड घेतले, आणि खोका थेट कंपनीचाच वाटत होता. दोन महिन्यांत ब्रेक किंचाळू लागले. चाक काढले तेव्हा डिस्कवर बोट अडकेल अशा खोल रेघा पडल्या होत्या. पॅडमध्ये वाचवलेल्या रकमेच्या तिप्पट पैसे डिस्कला गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे ते दोन महिने मी घरच्या माणसांना त्याच ब्रेकवर फिरवत होतो. ब्रेक आणि स्टीअरिंगचा भाग बिलाशिवाय घेऊ नये, हे मी आता कळकळीने प्रत्येकाला सांगतो. पुण्याच्या नाना पेठेत वर्षानुवर्षे सुट्या भागांचा व्यवसाय करणारे दुकानदार पक्के बिल आणि पार्ट नंबर दोन्ही देतात. जो द्यायला का-कू करतो, त्याच्याकडून काही घेऊ नये. दरांची तुलना करताना एवढे लक्षात ठेवावे की सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीचे अंदाजपत्रक आजच्या दराशेजारी ठेवून उपयोग नाही.

बदल आणि सुधारणा हा वेगळा विषय आहे, आणि तेथे मी बराच कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मोटार कंपनीने मुळात दिलेल्या रचनेपासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. दिव्यांचे उदाहरण घ्या. मूळ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा (लांबच्या झोतासाठी ६०, जवळच्यासाठी ५५) असतो. त्या जागी १०० वॅटचा बसवला की बारा व्होल्टला पाचऐवजी आठ अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो, आणि होल्डर वितळण्याचे प्रकार त्यातूनच घडतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवला तर प्रकाश विखुरतो. आपल्याला रस्ता उजळल्यासारखा वाटतो, परंतु समोरच्याचे डोळे दिपतात. पिवळसर झालेली हेडलाइटची काच पॉलिश करून घेणे आणि दिव्याचा कोन नीट लावून घेणे, एवढ्याने बहुतेकांची तक्रार दूर होते.

टायर रुंद करायचे असतील तर आधी गणित करावे. टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. १६५/८० आर १४ या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर असतो आणि १८५/६५ आर १५ चा सुमारे ६२१, म्हणजे हा बदल जवळजवळ बिनफरकाचा आहे. १९५/६५ आर १५ बसवले तर व्यास ६३४ च्या पुढे जातो, वेगाचा काटा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू लागतो, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या कमानीतल्या अस्तराला घासण्याची शक्यता वाढते. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जो आकार देते, त्याच्या पुढे जाऊ नये. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला टायर नव्याच्या दरात घेण्याचे कारण नाही.

सीट कव्हरबद्दल फार कोणी बोलत नाही, म्हणून येथे लिहितो. गाडीला सीटमधल्या एअरबॅग असतील तर त्या बाजूची शिवण एअरबॅगला वाट देणारी आहे का, हे विचारल्याशिवाय कव्हर चढवू नये.

महिन्याला पाचशे किलोमीटरही न चालणारी गाडी असेल, तर वर्षातून एकदा अधिकृत वर्कशॉपमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घ्यावे आणि मधली कामे गॅरेजला द्यावीत. खर्च फारसा वाढत नाही आणि गाडी विकताना ती नोंद घेणाऱ्याला दाखवता येते. रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीला मात्र दर अडीच-तीन महिन्यांनी एकच मेकॅनिक पाहणारा हवा, कारण काल न येणारा आवाज आज येतो आहे, हे ओळखणारा कान त्या गाडीला रोजच्या खर्चातून वाचवतो.