बडोद्याची स्कूबा शिकवणी: तलावात अव्वल, बोटीवर काठावर पास

आमच्या बडोद्यात समुद्र नाही. आहे ती विश्वामित्री, आणि तिच्यात मगरी. त्यामुळे पाण्याखाली जायची हौस इथे सहसा कुणाला होत नाही, आणि पन्नाशीच्या बाईला झालीच तर घरचे आधी रक्तदाब तपासायला नेतात. पण स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचे, वर्ग आहेत. मी जिथे शिकले तिथली पद्धत अशी: थिअरी शहरात, सराव एका तरण तलावात आणि समुद्रातल्या चार डाइव्ह मालवणला. नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगायचंय ते पैसे भरण्याआधी कुठल्याही वर्गाला विचारून घ्यावं असंच आहे.

आधी चांगलं, कारण ते खरोखरच चांगलं आहे. शिकवणारा मुलगा गुजराती, तिशीतला. कुणी घाबरलं की "काकी, उतावळ नथी" म्हणून शांत उभा राहायचा. 200 मीटर न थांबता पोहायचं (वेळेचं बंधन नाही) आणि 10 मिनिटं नुसतं तरंगायचं, ही चाचणी त्याने कुणालाही ढकलून पास केली नाही. एका तरुणाला पुन्हा द्यायला लावली, तो जिममध्ये जाणारा असूनही. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून ते पाण्याखालीच काढायचं, ही यातली खरी मेख. डोळ्यांना क्लोरीन झोंबतं, नाकात पाणी शिरतं आणि सगळं सोडून वर पळावंसं वाटतं. त्याने मास्कची वरची कड दोन बोटांनी कपाळावर दाबायला लावली, मान किंचित मागे, आणि नाकातून एक लांब फुंकर. खालच्या कडेने बुडबुडे निघाले आणि तळाच्या निळ्या फरश्या लख्ख दिसल्या. एवढं नीट शिकवलं तर फी वसूल. सामानही बरं होतं; टाकीतली हवा तोंडात देणारे रेग्युलेटर नवे, वेटसूट मात्र बायकांच्या मापाचे मोजकेच, तेव्हा लवकर जाऊन आपला धरून ठेवा.

थिअरीत दाब, नायट्रोजन, 18 मीटर खोलीची मर्यादा, टाकीत 50 बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हवा शिल्लक असतानाच वर यायचं, हे सगळं आलं. समुद्राखाली जे जीव राहतात त्यांची बोळवण मात्र "कशाला हात लावू नका" एवढ्यावरच. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालंय, यातलं अक्षर नाही. द्वारकेकडचं ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं तेव्हा, 1905-06 मध्ये, आपल्या सरकारने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून तिथल्या समुद्री जिवांची पाहणी करून घेतली होती. मोती-शिंपल्यांतून उत्पन्न काय निघेल हा हिशोब त्यामागे होताच, पण निदान पाहणी तरी केली. आम्हाला एका स्लाइडवर कासव दाखवलं आणि चहा सांगितला.

मालवणची खोली साधी, जेवण झकास. आता बोट.

आम्ही शिकाऊ होतो, आणि त्याच बोटीवर आधीच परवाना असलेले दोघे "फन डाइव्ह"वाले. त्यातला एक आमच्या बाबाजीपुऱ्यातलाच, बोलायला गोड. त्यांच्या पिशवीतून एक लांब सळईचा भाला निघाला, मागच्या टोकाला रबराचा फास, ताणून सोडायचा. मला वाटलं कॅमेऱ्याची काठी असेल. ऑफिसात विचारलं होतं म्हणे, आणि ऑफिसने "वांधो नहीं" म्हणून सांगितलं होतं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

तिथे खडकाच्या एका कपारीत एक थोराड गोबरा मासा राहतो. बोटवाले पाहुण्यांना तो हटकून दाखवतात. माणसं बघून बघून इतका निर्ढावलाय की हातभर अंतरावरूनही हलत नाही. जबडा उघडतो, मिटतो, कल्ले हलतात, आणि एक डोळा आपल्याकडे फिरवून पुन्हा समोर. मी गुडघ्यांवर बसून मास्कचा सराव करत होते तेव्हा बाबाजीपुरेकर त्याच्यासमोर भाला ताणून थांबलेले दिसले. आमच्या तुकडीतल्या रावपुऱ्याच्या निवृत्त प्राध्यापिका, ज्या वर्गात सगळ्यात भित्र्या होत्या, त्या सरळ मधे जाऊन तरंगत राहिल्या. भाला सुटला नाही. पण ताणलेला भाला आणि चार शिकाऊ माणसं एकाच कपारीपाशी, यात कुणाच्या मांडीतही तो गेला असता. शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांना वर घेतलं ते योग्यच केलं.

वर आल्यावर जुंपली. दुसऱ्याच्या जाळीच्या पिशवीत शेवंड निघाली, शेपटीखाली केशरी अंड्यांचा थर. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, कुणाला न विचारता ती उचलून पाण्यात सोडली आणि गोबऱ्यावरूनही सुनावलं, "हो मासो आमका गिराईक हाडता. आज तुमी मारलास तर उद्या मी लोकांका काय दाखवतलंय?" त्यावर बाबाजीपुरेकर माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, काल रात्री सुरमईची दुसरी तुकडी कुणी मागितली?"

मीच मागितली होती, आणि आजही मागेन. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं: ट्रॉलरचं जाळं पिल्लांसकट सगळं ओरबाडतं, मी बघून एकच मासा घेतो, कोण जास्त पापी? एका अर्थी खरं आहे. पण मग खेळ तरी नियमाने खेळा. फ्रान्स, स्पेन, इटलीत टाकी लावून भाल्याने मासे मारायला बंदी आहे. या खेळाच्या जागतिक स्पर्धाही श्वास रोखूनच होतात. पाठीवर तासाभराची हवा बांधून, रोज पाहुणे बघणाऱ्या माशासमोर उभं राहायचं यात शिकार कसली? शिवाय गोबरा आयुष्य मादी म्हणून सुरू करतो आणि मोठा झाल्यावर नर होतो, म्हणजे सगळ्यात थोराड तोच टिपला तर त्या खडकावरचा नरच जातो. हे मी बोटीवरच ऐकवलं. आमचे सर मान हलवत होते, पण तोंडातून शब्द नाही, गिऱ्हाईक दोन्हीकडचं.

हे भांडण जुनंच. आपल्याकडची निम्मी पोरं ज्या अमेरिकेत जातात तिथे, सिॲटलला, 2012 च्या ऑक्टोबरअखेर असंच पेटलं होतं. डायव्हर मंडळींच्या आवडत्या सीक्रेस्ट पार्कच्या किनाऱ्यावर एका 19 वर्षांच्या मुलाने भलामोठा पॅसिफिक ऑक्टोपस हातांनीच झुंजून वर काढला. मासेमारीचा परवाना त्याच्याकडे होता, कायदा त्याच्या बाजूने होता. किनाऱ्यावरचे बाकीचे डायव्हर खवळले, फोटो सगळीकडे फिरले. तो ऑक्टोपस काही नामशेष होणाऱ्यांतला नव्हता. तरी पुढच्या वर्षी राज्याच्या मासे-वन्यजीव खात्याने सगळ्यांचं ऐकून घेऊन तोडगा काढला तो असा: लोक जिथे बघायला जातात अशा सात जागी ऑक्टोपस धरायला बंदी, इतरत्र जुनाच नियम. मला हा तोडगा पटतो. मारणारा वाईट आणि बघणारा साधू, असं त्यात कुणी ठरवलं नाही, फक्त जागा वेगळ्या केल्या.

आमच्या वर्गवाल्यांना हे बोट सुटायच्या आधी, ऑफिसातच करता आलं असतं. परत आल्यावर मी फोन केला. मालक सभ्य माणूस, सगळं ऐकून घेतलं, वर "बेन, सगळ्यांना सांभाळावं लागतं" म्हणाले. सांभाळा ना, पण एकाच बोटीत नको. शिकाऊंच्या बोटीवर भाला, जाळीची पिशवी, हूक काही चढणार नाही, एवढी एक ओळ फॉर्मवर छापायला किती खर्च येतो? वैद्यकीय प्रश्नांचा फॉर्म दोन्ही बाजूंनी छापलेला आहे, त्यात जागा भरपूर आहे. पुढच्या तुकडीपासून बघतो म्हणाले. दिवाळीनंतरच्या तुकडीत माझी भाची जाणार आहे, तिला फॉर्मचा फोटो पाठवायला सांगितलाय. ती ओळ दिसली तर इथे येऊन एक तारा वाढवीन. तूर्त पाचपैकी तीन, आणि ते तीनही त्या शिकवणाऱ्या मुलाचे.

फीमध्ये मालवणचं राहणं-जेवण धरलेलं आहे, कुडाळपर्यंतचं रेल्वेभाडं नाही. वेगळी डाइव्ह मागितली तर भाव बोटीवर ठरतो, तो आधी लिहून घ्या. आणि चष्मा असेल तर नंबरच्या मास्कबद्दल पहिल्याच दिवशी विचारा. त्यांच्याकडे जवळच्या वस्तू न दिसणाऱ्यांसाठी काहीच नव्हतं, माझा हवेचा काटा मला प्राध्यापिकाबाई वाचून दाखवत होत्या, बोटांनी.