बर्बन आणि राय: नऊ बाटल्या शेजारी शेजारी

बर्बन गोड, राय तिखट. अमेरिकन व्हिस्कीच्या या दोन प्रकारांची ही वाटणी इतकी रुळली आहे की बाटलीचं बूच निघण्याआधीच जीभ तयारीला लागते. पण लेबलं झाकून ग्लास शेजारी शेजारी मांडले की ती टिकत नाही. फोर रोझेस सिंगल बॅरल ही बर्बन आणि रिटनहाउस ही राय, या दोघी चुलत बहिणी वाटतात. उलट रिटनहाउस आणि बुलेट राय या दोन्ही ‘राय’ असूनही त्यांचा वाससुद्धा जुळत नाही.

कारण कायद्यातच आहे. अमेरिकी नियमांप्रमाणे बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका हवा आणि राय व्हिस्कीत किमान 51 टक्के राय, म्हणजे त्याच नावाचं गव्हासारखं धान्य. बाकी अटी जवळपास सारख्या आहेत. पिंप नव्या ओकचं आणि आतून जाळलेलं हवं. डिस्टिल करताना अल्कोहोल 80 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना 62.5 टक्क्यांच्या वर नको आणि बाटलीत 40 टक्क्यांच्या खाली नको. मात्र 51 ही फक्त खालची मर्यादा आहे. या नऊ बाटल्यांतच बघा: बर्बनमध्ये रायचं प्रमाण शून्य ते 35 टक्के आहे आणि राय व्हिस्कीत 51 पासून थेट 95 टक्क्यांपर्यंत. म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न ‘बर्बन की राय’ हा नसावा. ‘राय किती’ हा असावा, आणि त्याच्या जोडीला ‘प्रूफ किती’. (प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट.)

आधी चाखायच्या पद्धतीबद्दल, कारण बहुतेक तुलना इथेच फसतात. 45 टक्क्यांची आणि 55 टक्क्यांची व्हिस्की तशीच समोरासमोर ठेवली तर जास्त जोराची हमखास ‘भरीव’ वाटते आणि जिंकते. आधी सगळ्या 45 टक्क्यांवर आणाव्यात. 15 मिली व्हिस्की 47 टक्क्यांची असेल तर 0.7 मिली पाणी, 50 ची असेल तर 1.7 मिली, 55 ची असेल तर 3.3 मिली. औषधाच्या सिरिंजने हे मोजता येतं. पाणी क्लोरीनचा वास नसलेलं हवं. ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्यावा. ओतल्यावर दहा मिनिटं थांबावं. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवावेत आणि नाक ग्लासच्या काठावर ठेवावं, आत खुपसू नये. नाहीतर अल्कोहोलच्या भपक्याने नाक बधिर होतं आणि पुढचे चार ग्लास वाया जातात. एका बैठकीत चारपेक्षा जास्त नकोत. पहिल्या दिवशी मेकर्स मार्क, वाइल्ड टर्की, फोर रोझेस. दुसऱ्या दिवशी फोर रोझेस पुन्हा, मग रिटनहाउस आणि बुलेट. मधली बाटली दोन्ही दिवशी असली की ती मापदंडाचं काम करते.

मेकर्स मार्क, 45 टक्के. इथे राय अजिबात नाही. 70 टक्के मका, 16 टक्के गहू, 14 टक्के माल्टेड बार्ली (मोड आणून वाळवलेलं जव). गव्हामुळे ती गोड होते असं सर्रास म्हटलं जातं, पण गहू स्वतः फारसं काही बोलत नाही. तो रायसारखा मध्ये मध्ये येत नाही, म्हणून मक्याचा आणि ओकचा गोडवा उघडा पडतो: व्हॅनिला, कॅरॅमल, थोडी पिकलेली चेरी. पिंपात ती 55 टक्क्यांवरच भरली जाते, कायद्याच्या कमाल मर्यादेपेक्षा बरीच खाली. मऊपणाचा काही वाटा त्यालाही द्यायला हवा. उणीव अशी की घोट गिळल्यावर चव लवकर विरते. बर्फात तर ती हरवूनच जाते.

एलायजा क्रेग स्मॉल बॅच, 47 टक्के. 78 टक्के मका, 10 टक्के राय, 12 टक्के माल्टेड बार्ली. इथे धान्यापेक्षा लाकूड बोलतं: भाजलेला ओक, व्हॅनिला, शेवटी किंचित तुरटपणा. लेबलावरचं ‘12 वर्षं’ 2016 मध्ये निघालं, आणि ओकचं वजन पूर्वीपेक्षा हलकं झालं. ‘स्मॉल बॅच’ या शब्दांना कायद्यात व्याख्या नाही, ते वाचून पैसे मोजू नयेत.

वाइल्ड टर्की 101, 50.5 टक्के. एकच बर्बन घ्यायची असेल तर ही. 75 टक्के मका, 13 टक्के राय, 12 टक्के माल्टेड बार्ली, म्हणजे कागदावर एलायजा क्रेगहून फार वेगळी नाही. तरी ग्लासात ती कितीतरी दाट लागते, आणि त्याला दोन ठोस कारणं आहेत. पहिलं म्हणजे पिंपात भरतानाचं प्रूफ. बरेच कारखाने कमाल 62.5 टक्क्यांवर भरतात, कारण त्याच पिंपातून पुढे जास्त बाटल्या निघतात. वाइल्ड टर्की 57.5 टक्क्यांवर भरते. बाटलीत ती 50.5 टक्क्यांवर उतरते, त्यामुळे शेवटी पाणी थोडंच पडतं आणि ओकमधून उतरलेलं सगळं पातळ होत नाही. दुसरं कारण पिंपाच्या जाळण्याचं. इथे जाळण्याची चौथ्या क्रमांकाची पातळी (इंग्रजीत ‘char’) वापरतात. लाकूड आतून इतकं खोल जळतं की मगरीच्या पाठीसारखे खवले उठतात. काकवी, दालचिनी, संत्र्याची साल, आणि मागे रेंगाळणारा मिरीचा चटका. पहिला घोट घशाला लागतो हे खरं आहे. 30 मिलीत अर्धा चमचा पाणी घालून पाच मिनिटं थांबलं की तो चटका उबेत बदलतो.

ओल्ड ग्रँड-डॅड बॉन्डेड, 50 टक्के. रायचं प्रमाण 27 टक्के, बर्बनसाठी चांगलंच जास्त. ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ हे शब्द मात्र जाहिरातीचे नाहीत. 1897 च्या कायद्याप्रमाणे अशी व्हिस्की एकाच कारखान्यात, एकाच हंगामात बनलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान 4 वर्षं ठेवलेली आणि नेमकी 50 टक्क्यांवर बाटलीबंद असावी लागते. याच धान्याची बेसिल हेडन 40 टक्क्यांवर मिळते. दोन्ही शेजारी ठेवून बघाव्यात, पाण्याने चव कुठे पातळ होते ते नेमकं कळतं. ग्रँड-डॅडचा दोष म्हणजे सुरुवातीचा भाजक्या शेंगदाण्यासारखा वास, जो सगळ्यांना रुचत नाही. मिश्रणात तो जाणवत नाही, म्हणून ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलसाठी ही उत्तम.

फोर रोझेस सिंगल बॅरल, 50 टक्के. या कारखान्याकडे दोन मॅश बिल (धान्यांच्या प्रमाणाचे ठरलेले मेळ) आणि पाच यीस्ट आहेत, त्यांच्या जोड्या लावून दहा पाककृती होतात. प्रत्येकीला चार अक्षरांचं नाव. नेहमीच्या सिंगल बॅरलची पाककृती ‘ओबीएसव्ही’. यातलं ‘बी’ म्हणजे जास्त रायचं मॅश बिल (60 टक्के मका, 35 टक्के राय, 5 टक्के माल्टेड बार्ली) आणि ‘व्ही’ म्हणजे नाजूक फळांच्या वासाचं यीस्ट. नासपती, मध, लवंग, जायफळ. गोदामं एकमजली आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केंटकी या अमेरिकी राज्यातल्या उंच गोदामांत वरच्या मजल्यावर उकाडा इतका असतो की पिंपातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं आणि प्रूफ चढत जातं, तर खालचे मजले थंड राहतात. एकमजली गोदामात हा फरक कमी, त्यामुळे ‘एकाच पिंपातली’ असूनही दोन बाटल्यांत फार तफावत पडत नाही. थोडी तरी असतेच. एक बाटली आवडली तर तिच्यावरचा गोदामाचा आणि पिंपाचा क्रमांक टिपून ठेवावा.

आता राय. हे धान्य चिकट आहे. मॅश, म्हणजे धान्य आणि पाण्याचं मिश्रण, घट्ट होतो, आंबवताना फेस टाकीबाहेर येऊ बघतो, म्हणून कारखान्यांना ते त्रासाचं. केंटकीतले जुने कारखाने 51 टक्क्यांच्या आसपास थांबले, त्याला जाणकार ‘जेमतेम कायदेशीर’ राय म्हणतात. ते नाव हिणवणारं वाटतं, पण चवीत कमीपणा काही नाही.

रिटनहाउस, 50 टक्के, बॉटल्ड इन बॉन्ड. राय 51 टक्के, उरलेल्यात बहुतेक मका. त्या मक्यामुळेच ती फोर रोझेसच्या इतकी जवळ जाते. 35 आणि 51 यांत अंतर सोळाचं. 51 आणि 95 यांत चव्वेचाळीसचं. कोको, संत्र्याची साल, दालचिनी, आणि खाली कॅरॅमलचा पाया. बर्फ किंवा मिश्रण न घालता नुसती प्यायला किंचित रांगडी आहे, कॉकटेलमध्ये मात्र तिला तोड नाही.

पाइक्सव्हिल, 55 टक्के, 6 वर्षं. रिटनहाउसचीच थोरली बहीण, त्याच हेवन हिल कंपनीची. जास्त वर्षं आणि जास्त जोर. 30 मिलीत 3 मिली पाणी घातलं की ती बरोबर 50 वर येते, आणि मग रिटनहाउसशी खरी तुलना होते. ओक अधिक खोल, लवंग अधिक ठळक, रांगडेपणा गेलेला. या नवांतली हळूहळू नुसती पिण्यासाठी माझी पहिली पसंती.

ओल्ड फॉरेस्टर राय, 50 टक्के. 65 टक्के राय, 15 टक्के मका आणि तब्बल 20 टक्के माल्टेड बार्ली. इतकी बार्ली रायमध्ये क्वचित दिसते. परिणाम नाकाला लगेच कळतो: फुलांचा वास, लिंबाची साल, बिस्किटासारखा भाजकेपणा. वयाने तरुण आहे, शेवटी थोडी कच्ची सुंठ लागते.

बुलेट राय, 45 टक्के. 95 टक्के राय, 5 टक्के माल्टेड बार्ली. ही पाककृती इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गच्या जुन्या सीग्रॅम कारखान्याची. (वाइल्ड टर्की आणि फोर रोझेसही लॉरेन्सबर्गच्याच, पण ते गाव केंटकीतलं. घोळ नेहमी होतो.) इथे मका नाहीच, म्हणून गोड पायाही नाही. सगळ्यात आधी येतो शेपूचा वास, मग पुदिना, शहाजिरं, हिरवं सफरचंद. शेपू न आवडणाऱ्याने ही बाटली आधी कुणाकडे तरी चाखून मगच घ्यावी, कारण हा वास मुरून जात नाही. याच पाककृतीचा माल अनेक लेबलांखाली विकला जातो. ओळखायची खूण मागच्या बाजूला असते: व्हिस्की एका राज्यात डिस्टिल झाली आणि बाटलीवर पत्ता दुसऱ्या राज्याचा असेल, तर डिस्टिल केलेल्या राज्याचं नाव छापणं बंधनकारक आहे.

लेबल वाचताना ‘स्ट्रेट’ हा शब्दही शोधावा. किमान 2 वर्षं पिंपात, आणि 4 वर्षांपेक्षा कमी असेल तर वय लिहावंच लागतं. म्हणजे ‘स्ट्रेट’ आहे आणि वय लिहिलेलं नाही, तर ती किमान 4 वर्षांची.

मॅनहॅटन हे कॉकटेल करायचं असेल तर 60 मिली राय, 30 मिली गोड व्हर्मूथ (वनस्पती घातलेली वाइन), अँगोस्टुरा या कडू अर्काचे 2 डॅश (बाटलीचे झटके), बर्फात साधारण 30 सेकंद ढवळून गाळायची. इथे 50 टक्क्यांचा फायदा आकड्यांत दिसतो. ढवळताना सुमारे पाव पट पाणी सुटतं असं धरलं, तर रिटनहाउस घेतल्यावर पेय 31 टक्क्यांच्या आसपास राहतं, 40 टक्क्यांची राय घेतली तर 26 वर घसरतं आणि व्हर्मूथ सगळ्यावर चढून बसतं. बुलेट रायसाठी व्हर्मूथ 20 मिलीवर आणावं, नाहीतर शेपू आणि व्हर्मूथमधल्या वनस्पती एकमेकांशी भांडतात. मॅनहॅटन बिघडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र व्हिस्की नसतंच. व्हर्मूथ ही वाइन आहे. उघडल्यावर ती कपाटात ठेवली की आंबट, शिळी होते. फ्रीजमध्ये ठेवून दोन महिन्यांत संपवावी.

व्हिस्कीची बाटली उभी ठेवावी. आडवी ठेवली तर जास्त प्रूफचं अल्कोहोल बूच कुरतडतं, आणि एक दिवस उघडताना अर्धं बूच गळ्यातच राहतं. तसं झालं तर कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळून स्वच्छ बाटलीत भरावी, चवीला काही होत नाही. तळाशी पाव बाटली उरली असेल तर तीही लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी. रिकाम्या जागेतली हवा आधी फळांचे वास खाते, आणि फोर रोझेसमध्ये ते सगळ्यात लवकर जाणवतं.