मालवणच्या होडीवर जीपीएस, फिशफाइंडर आणि डिझेलचे माप: एका हंगामानंतर

गेल्या वर्षी ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपण्यापूर्वी आमच्या दोन सिलिंडरच्या फायबर होडीवर नवी यंत्रे बसवायची, असे काकांनी आणि मी ठरवले. होडी ३२ फुटांची, इंजिन डिझेलचे, जाळी सुरमई-बांगड्यांची, आणि जाणे-येणे बहुधा १२ सागरी मैलांच्या आतले. हे आधीच सांगितलेले बरे, कारण हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या सहा सिलिंडरच्या ट्रॉलरला जे यंत्र शोभेल ते आमच्या होडीला निव्वळ ओझे झाले असते, आणि दुकानदार मात्र दोघांपुढे तेच यंत्र ठेवतो.

आम्ही जीपीएस प्लॉटर (होडीची जागा नकाशावर दाखवणारा) आणि फिशफाइंडर (ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खालचे मासे व तळ दाखवणारा) एकत्र असलेले, सात इंची पडद्याचे, बटणांचे यंत्र घेतले. टचस्क्रीन दुकानात फार सुरेख चालतो. पण जाळे ओढून आलेल्या हाताला खवले चिकटलेले असतात, पडद्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब असतात, आणि अशा वेळी बोट एकीकडे टेकते नि नकाशा भलतीकडे सरकतो. पडदा रस्त्यावर, भर उन्हात नेऊन पाहण्याचा आग्रह मी धरला. दुकानदार कुरकुरला, परंतु त्या पाच मिनिटांत तीनपैकी दोन यंत्रे बाद झाली.

मालवणच्या बंदरात शिरणाऱ्याला खडपांची, म्हणजे पाण्यातल्या खडकांची, ओळख लागते. यंत्रात भरून येणारा नकाशा बाहेरच्या पाण्यात उपयोगी आहे, परंतु किनाऱ्यालगतचे प्रत्येक खडप त्यात सापडेल, या भरवशावर रात्री सुकाण धरू नये. आम्ही नकाशाऐवजी स्वतःच्या मार्गाची रेघ वापरतो: काकांनी डोळ्यांनी खुणा धरून होडी आत आणली आणि यंत्राने ती वाट साठवून ठेवली. ही रेघ आम्ही मुद्दाम उधाणाच्या सुकतीला (ओहोटीला), पाणी सर्वांत कमी असताना, दिवसाउजेडी आखली, कारण भरतीला आखलेल्या वाटेवर सुकतीच्या वेळी तळ घासणार नाही, याची हमी यंत्र देत नाही.

स्थाननोंदीच्या पद्धतीवरून आम्ही एकदा चांगलेच फसलो. शेजारच्या होडीच्या तांडेलाने (होडी चालवणाऱ्या प्रमुखाने) कागदावर अंश, मिनिटे, सेकंद अशी जागा लिहून दिली होती. आमचे यंत्र अंश, मिनिटे आणि मिनिटाचे दशांश घेत होते. कागदावरचे ३० सेकंद म्हणजे अर्धे मिनिट, म्हणजे .५००. मी भरले .३००. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर, त्यामुळे या ०.२ मिनिटाच्या चुकीने आम्ही सुमारे ३७० मीटर बाजूला जाळे टाकले आणि सकाळभर रिकाम्या पाण्यात बसलो. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासे मिळण्याच्या संभाव्य जागांची माहिती येते, तीही भरण्यापूर्वी आकडे कोणत्या पद्धतीत आहेत हे पाहावे. पद्धत यंत्राच्या सेटिंगमध्ये बदलता येते, हे मला त्या दिवसानंतर कळले.

फिशफाइंडरवर मासे दिसतात म्हणून तो घ्यावा, असे मी म्हणणार नाही. पडद्यावरची कमान बांगड्याची की भलत्याच कशाची, हे तो सांगत नाही. त्याचे खरे मोल तळ ओळखण्यात आहे. चिखलाचा तळ पडद्यावर मऊ, पुसट उमटतो, तर खडकाळ तळ जाड आणि ठळक येतो व कित्येकदा त्याचा दुसरा प्रतिध्वनी खाली वेगळा दिसतो. असा तळ दिसला की आम्ही जाळे सोडत नाही, आणि या हंगामात फाटलेली जाळी विणायला बसण्याचे दिवस निश्चितच कमी झाले. आम्ही २०-२५ वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीपलीकडे क्वचित जातो, म्हणून २०० किलोहर्ट्झचा ध्वनी पुरतो. या ध्वनीचा झोत अरुंद असतो, परंतु तळ स्पष्ट येतो, उलट ५० किलोहर्ट्झ खोल पाण्यासाठी बरे. ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि परत टिपणारा भाग, होडीच्या तळाला भोक न पाडता आतून फायबरला चिकटवला, त्यामुळे पाण्याचे तापमान कळत नाही, ही उणीव मान्य करतो. लाकडी होडीत मात्र ही युक्ती चालत नाही.

वायरिंगवर कंजुषी करू नये. पहिल्या दोन महिन्यांतच बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवा कळंक चढला आणि इंजिन सुरू करताच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. कथील चढवलेली तांब्याची वायर, स्वतंत्र फ्यूज आणि यंत्रासाठी वेगळी बॅटरी केल्यावर तक्रार मिटली. व्हीएचएफ रेडिओलाही त्याच बॅटरीवरून वीज दिली आहे. तो बंदराबाहेर सदैव १६ व्या, म्हणजे संकटाच्या हाकेच्या, चॅनेलवर असतो.

डिझेलच्या मापकाने मात्र मनस्ताप दिला. ज्या दुकानातून तो घेतला त्याचे नाव लिहीत नाही, कारण न विचारता विकत घेण्याची चूक आमचीच होती. टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बसवायचा तो एकच सेन्सर होता आणि पहिल्या दिवशी त्याने ताशी २० लिटर दाखवले. दोन सिलिंडरचे इंजिन एवढे पीत असते तर होडी केव्हाच विकावी लागली असती. पेट्रोलच्या आउटबोर्डमध्ये, म्हणजे होडीमागे टांगायच्या इंजिनात, जाईल तेवढे इंधन जळते. डिझेल इंजिनाचा फीड पंप मात्र गरजेहून जास्त तेल पुढे ढकलतो आणि उरलेले परतीच्या नळीने टाकीत येते. म्हणून डिझेलला जाण्याचा आणि परतीचा असे दोन सेन्सर लागतात, आणि खप म्हणजे त्यांतला फरक. दुसरा सेन्सर घेण्यापूर्वी मी हिशेब केला: २० लिटर गेले, १५ परत आले आणि प्रत्येक सेन्सर शेकडा २ चुकला, तर चुका ०.४ आणि ०.३ लिटरच्या, त्या उलट दिशांना पडल्या तर ५ लिटरच्या खपात ०.७ लिटरची, म्हणजे शेकडा १४ ची गफलत. त्यात परतीचे तेल गरम, फुगलेले आणि बुडबुड्यांचे. मोठ्या ट्रॉलरवर उत्तम प्रतीचे जोडसेन्सर परवडतील. आमच्या होडीवर नाही.

त्याऐवजी आम्ही मापापुरती १० लिटरची उंच, अरुंद टाकी बसवली, तिला बाहेरून पारदर्शक नळी आणि अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा केल्या, आणि परतीची नळीही तिच्यातच सोडली, म्हणजे पातळी घटेल तेवढेच जळलेले. नळीच्या बुडाशी कॉक हवाच. नळी फुटली तर सारे डिझेल होडीत सांडेल. माप पहाटे, पाणी निवांत असताना घेतो, आणि तेही जाताना व येताना दोन्ही वेळा, कारण जीपीएस दाखवतो तो वेग जमिनीच्या हिशेबाने असतो आणि प्रवाह एकदा मदत करतो, एकदा अडवतो.

इंजिनाच्या मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर ताशी ५ लिटर खप आणि ७ नॉट (ताशी ७ सागरी मैल) वेग मिळाला. १,६०० वर ३.७ लिटर आणि ६.३ नॉट. २४ मैलांच्या फेरीत सुमारे ३ लिटर वाचतात आणि २३ मिनिटे जास्त लागतात. हा आकडा काकांना मोठ्या उत्साहाने दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "लिलाव चुकलो तर ता वाचलेला डिझेल काय पिवचा आसा?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आता जाताना १,६०० आणि माल भरून परतताना काका म्हणतील तेवढे, असे चालते. नळी डिझेलने पिवळी पडून खुणा दिसेनाशा झाल्या होत्या. यंदाच्या बंदीत ती बदलली, दुकानात नेण्यासारखे दुसरे काही निघाले नाही.